शोच्या दिवशी दुपारी तीनला ‘आज होल्ड करा सर’: व्हेन्यूनं बुकिंग रद्द केलं की तुम्ही काय करता?

मंद्र_सप्तक (रविवार, सकाळी ९.१२)

नमस्कार मंडळी. कालपासून डोकं तापलंय, म्हणून जरा लांबड लावतो.

पुण्यात आमचा पाच जणांचा बँड आहे. निम्मी स्वतःची गाणी, निम्मी जुनी मराठी-हिंदी. ड्रमर सोडून सगळे नोकरीवाले. तो नाशिकला राहतो आणि फक्त वाजवण्यावर जगतो. पुढच्या हिशोबासाठी हे लक्षात ठेवा.

काल बाणेरच्या बाजूला एका रूफटॉप रेस्टॉरंटमध्ये आमचा शो होता. चाळीस हजार ठरलेले. तिथे आधी दोनदा वाजवलंय, पैसे वेळेवर मिळालेत, म्हणून या वेळी ॲडव्हान्स मागितलाच नाही. (इथे सगळे हसणार, माहीत आहे.) दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी फ्लोअर मॅनेजरचा मेसेज आला: ‘सर आज प्लीज होल्ड करा. प्रायव्हेट बायआउट आला आहे. नेक्स्ट वीक बघू.’ म्हणजे कुणीतरी अख्खी जागा पार्टीसाठी घेतलेली. खाली हात जोडलेला इमोजी.

तेव्हा वारज्यात टेम्पो भरून झाला होता. बास ॲम्प आम्ही सगळ्यांत शेवटी चढवतो, कारण तिथल्या सर्व्हिस लिफ्टपाशी तो पहिला उतरवावा लागतो, नाहीतर लिफ्टचं दारच लागत नाही. तो चढवून मी ताडपत्रीची दोरी बांधत होतो. ड्रमर एसटीच्या ई-शिवाईत, नारायणगावच्या पुढे आलेला. परत फिर म्हणून उपयोग नव्हता. तो आला, माझ्याकडे पिठलं-भात जेवला, स्टिक्सची पिशवी सोफ्यावर तशीच ठेवून दोन तास झोपला आणि रात्रीच्या बसनं गेला. मेसेज वाचून आला नव्हता इतका राग मला ती पिशवी बघून आला.

खर्च असा झाला: साउंड नऊ हजारांचं ठरलं होतं, त्यानं ‘आजच्या आज कॅन्सल म्हणजे निम्मे’ म्हणून साडेचार घेतले. टेम्पो अठराशे. ड्रमरचं येणं-जाणं हजार आणि त्याचे पाच हजार मी खिशातून दिले. तालमीच्या खोलीचे तीन हजार. एकूण १५,३००. शिवाय याच तारखेचं सिंहगड रोडचं एका लग्नाचं संगीत सोडलं होतं, तिथे बत्तीस मिळत होते.

पैसे मागावेत का? किती? आणि मागितले तर ती जागा कायमची तुटते का? कुणाला अनुभव?

तिसरी_घंटा (रविवार, ९.४०)

‘ॲडव्हान्स मागितलाच नाही.’ बसा आता.

चेष्टा जाऊ दे. ‘नेहमीची जागा’ हीच सगळ्यात धोक्याची. नवीन ठिकाणी आपण दहा प्रश्न विचारतो, ओळखीच्या ठिकाणी ‘चल रे, होऊन जाईल’. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातानंतर उत्पादन शुल्कवाल्यांनी पुण्यातले पब-बार तपासायला घेतले, त्यात माझ्या जूनच्या तीन तारखा उडाल्या. तिन्ही नेहमीच्या जागा, तिन्ही ठिकाणी शून्य ॲडव्हान्स. ज्या एका नवीन ठिकाणी निम्मे आधी घेतले होते, तिथल्या मालकानं स्वतः फोन करून नवी तारीख दिली. पैसे अडकलेले असले की माणसाला आपली आठवण राहते.

बिनसुराचा (रविवार, १०.०५)

शनिवारी हौस म्हणून वाजवायचं आणि रविवारी इथे रडायचं. नोकरी आहे ना?

तिसरी_घंटा (रविवार, १०.०९)

ड्रमरला नाही. धागा वाचायला पैसे पडत नाहीत.

खर्जातला_सा (रविवार, १०.३०)

मंद्र, तुला त्यांनी निदान खरं कारण तरी सांगितलं. आमचं ऐक.

२६ डिसेंबर २०२४ ला डॉ. मनमोहन सिंग गेले आणि १ जानेवारीपर्यंत सात दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला. आमचा २८ तारखेचा शो होता. व्हेन्यूचा फोन: ‘दुखवटा आहे, लाइव्ह म्युझिक अलाउड नाही.’ आम्हीही मान डोलावली, अशा वेळी वाद काय घालायचा. रात्री साडेनऊला आमच्या गायिकेच्या मैत्रिणीनं त्याच जागेची स्टोरी पाठवली. डीजे चालू, लाइट चालू, लोक नाचतायत! दुखवट्यात सरकारी करमणुकीचे कार्यक्रम होत नाहीत. खासगी हॉटेलात कुणी गिटार वाजवायची नाही असा आदेश नव्हता. त्यांना बँडपेक्षा डीजे पंधरा हजारांनी स्वस्त पडला, एवढीच गोष्ट.

ती स्टोरी सेव्ह केली, सोमवारी मालकाला पाठवली, खाली एक ओळ लिहिली: ‘दुखवटा आमच्यापुरताच होता का?’ गुरुवारी पैसे आले. पूर्ण नाही, साठ टक्के.

वकिलीण_कोथरूडची (रविवार, ११.५५)

मंद्र, हिशोब चुकीच्या टोकाकडून केला आहेस. पण आधी एक गैरसमज काढते. स्टॅम्प पेपरवर सही नव्हती म्हणजे करार नव्हता, असं नसतं. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यात तोंडी करारही चालतो. तारीख, वेळ, चाळीस हजार आणि त्यांचं ‘कन्फर्म सर’ हे व्हॉट्सॲपवर आहे ना? मग झाला करार. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ नुसार इलेक्ट्रॉनिक संदेशांतून झालेला करारही चालतो. फक्त स्क्रीनशॉटवर विसंबू नकोस. चॅट एक्स्पोर्ट करून ठेव आणि तो फोन एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊन टाकू नकोस. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा आलाय, त्याच्या कलम ६३ प्रमाणे असल्या पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं.

आता हिशोब. तू खर्च मोजलास. करार कायद्याचं कलम ७३ विचारतं की करार पाळला असता तर तू कुठे असतास. चाळीस हजार हातात आले असते. शो न झाल्यामुळे तुझं वाचलं काय? साउंडवाल्याचे साडेचार. बाकी टेम्पो, ड्रमर, तालीम हे सगळं खर्च झालेलंच आहे. म्हणजे मागणी ३५,५०० ची. खर्च वेगळा आणि मानधन वेगळं असं दोन्ही मागता येत नाही, पण १५,३०० मागून स्वतःच स्वतःला स्वस्तात काढू नकोस.

एक अट आहे. नुकसान कमी करण्यासाठी तू शक्य ते केलंस का, हेही बघतात. आठ दिवस आधी कळलं असतं आणि तू हातावर हात ठेवून बसला असतास, तर समोरचा म्हणाला असता की दुसरं काम का नाही शोधलं. दुपारी तीन दहाला हा प्रश्न उरत नाही. सिंहगड रोडच्या लोकांशी त्या तारखेबद्दल झालेलं बोलणं जपून ठेव, तुझी तारीख विकली जात होती याचा तो पुरावा आहे.

मंद्र_सप्तक (रविवार, १२.२०)

ताई, दंडवत. ग्राहक मंचात जाता येईल का? तिथे वकील लागत नाही म्हणतात. एका मित्रानं समाधान पोर्टल पण सुचवलंय.

वकिलीण_कोथरूडची (रविवार, १२.४१)

ग्राहक मंच नाही. इथे ग्राहक ते आहेत, सेवा देणारा तू. हा सल्ला दर दोन महिन्यांनी कुणीतरी देतंच.

समाधान पोर्टल सूक्ष्म-लघु उद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठी आहे. उद्यम नोंदणी असेल आणि शो वाजवून झाल्यावर पैसे अडकले असतील तर जरूर जा. तिथे पंचेचाळीस दिवसांची मर्यादा आहे आणि त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. न झालेल्या शोला ते लागू करणं अवघड.

दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, पण पस्तीस हजारांसाठी दावा लावू नकोस असं मी वकील असून सांगते. आधी ईमेल. मग नोटीस. तरी हलले नाहीत तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करायचा, प्रकरण लोकअदालतीत ठेवतात, कोर्ट फी नाही. समोरच्यावर यायची सक्ती नसते हे खरं, पण प्राधिकरणाच्या शिक्क्याचं पत्र काउंटरवर पडलं की मॅनेजर मालकाला फोन लावतो.

काउंटरपलीकडे (रविवार, दुपारी १.३०)

मी त्या दुसऱ्या बाजूचा. दुसऱ्या शहरात, पण अकरा वर्षं हेच करतोय. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

बायआउट म्हणजे काय ते सांगतो. शनिवारी अख्खा मजला मिळून समजा दोन लाखांचा धंदा होतो. शुक्रवारी रात्री एखाद्या कंपनीचा माणूस म्हणतो, उद्या साठ माणसं, साडेतीन लाख फिक्स, पण आमचा डीजे येणार. मालक फोनवर ‘हो’ म्हणून मोकळा होतो. मला शनिवारी बारा वाजता कळतं. मग तीन तास मी ‘बँडला कसं सांगू’ या विचारात घालवतो आणि शेवटी इमोजी टाकतो. तुमचा मॅनेजर तुम्हाला टाळत नव्हता, घाबरत होता. तीन दहाचा मेसेज बाराला यायला हवा होता एवढा दोष त्याचा, बाकी मालकाचा.

म्हणून त्याच्याशी भांडू नका, त्याच्याकडे हजार रुपयांची सहीसुद्धा नसते. ईमेल मालकाला आणि अकाउंट्सला टाका. बायआउटच्या दरात बँडची भरपाई आधीच घालायला हवी होती, हे मालकाला कळतं. आमच्याकडे आता तसंच करतो: बँडचे पैसे त्या पार्टीच्या बिलात चढवतो. पार्टीवाला साडेतीन लाख देतोय, तो आणखी तीस देताना डोळ्याची पापणी हलवत नाही.

आणि एक गोष्ट. शो ठरल्यावर आमच्याच इन्स्टावर पोस्टर टाकायला लावा, त्यावर टेबल बुकिंगचा नंबर घाला. बँड ऐकायला म्हणून आठ टेबलं आरक्षित झाली असतील तर मालक दहा वेळा विचार करतो. तुमच्या शोचं पोस्टर पडलं होतं का?

अवांतर: बँडवालेही कमी नाहीत. मागच्या वर्षी दोन गायकांनी आम्हाला शोच्या दिवशी ‘घसा बसला’ सांगितलं. त्यातल्या एकाचा घसा त्याच रात्री दुसऱ्या हॉटेलात उत्तम चालला.

मंद्र_सप्तक (रविवार, १.४४)

पोस्टर नव्हतं पडलं. गुरुवारी विचारलं होतं, ‘डिझायनर सुट्टीवर आहे’ म्हणाले. आता कळतंय.

झांज (रविवार, ४.१०)

घसा बसल्याचा मुद्दा गायिका म्हणून मान्य. म्हणून माझ्या पत्रात आमच्या बाजूचंही कलम असतं.

मी दोघांचा सेट करते, मी आणि गिटारवाला. लहान सेटला व्हेन्यू सगळ्यात आधी उडवतात, ‘दोघंच तर आहेत’. तीन वर्षं सोसलं, मग आठ-दहा ओळींचं पत्र केलं. ते ईमेलनं पाठवते आणि उत्तरात ‘मान्य’ एवढा शब्द मागते. स्टॅम्प-बिम्प काही नाही. कुणाला हवं तर उचला:

‘आमचा कार्यक्रम अमुक तारखेला, संध्याकाळी ८ ते १०, मानधन अमुक. तारीख अडवण्यासाठी निम्मी रक्कम आज. तुमच्याकडून रद्द झाल्यास पंधरा दिवस आधीपर्यंत त्यातली निम्मी परत, त्यानंतर काही परत नाही, आणि शेवटच्या तीन दिवसांत रद्द झाल्यास एकूण मानधनाच्या ऐंशी टक्के देणं. आमच्याकडून रद्द झाल्यास आगाऊ रक्कम पूर्ण परत, आणि हवा असल्यास त्याच तोडीचा दुसरा सेट आम्ही मिळवून देऊ. सरकारी आदेशानं जागा बंद झाल्यास कुणी कुणाला भरपाई मागायची नाही, आगाऊ रक्कम साठ दिवसांतल्या नव्या तारखेला धरायची, तारीख जमली नाही तर ती परत. ड्राय डे, खासगी पार्टी, कमी बुकिंग किंवा मालकाचा बदललेला विचार म्हणजे सरकारी आदेश नव्हे. स्टेज आम्हाला उशिरा मिळालं तरी कार्यक्रम दहाला संपेल आणि मानधन पूर्ण राहील.’

ड्राय डे कुठून आला ते सांगते. गेल्या वर्षी ६ जुलैला, रविवारी, आषाढी एकादशी होती. चार दिवस आधी फोन: ‘मॅडम, ड्राय डे आहे, पब्लिक येणार नाही.’ अहो, एकादशी काय आदल्या आठवड्यात ठरली? कालनिर्णय भिंतीवर आहे की तुमच्या! त्यावर तो म्हणाला, ‘मॅडम, आमच्याकडे मिल्कशेकसाठी गाणं परवडत नाही.’ हे मात्र मला पटलं. म्हणून आता तारीख घेतानाच मी कॅलेंडर उघडते, एकादश्या, २ ऑक्टोबर, निवडणुका सगळं बघते. विधानसभेच्या वेळी २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान होतं, तेव्हा १८ च्या संध्याकाळपासून दारूबंदी होती आणि २३ ला निकालाची वेगळी. त्या आठवड्यात मी बुकिंग घेतलंच नाही, पुण्यातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला मुलींना समूहगीत बसवून दिलं.

वकिलीण_कोथरूडची (रविवार, ४.५२)

झांज, पत्र चांगलं आहे. ऐंशी टक्के लिहिलंस ते बरं. काही जण ‘रद्द केल्यास दुप्पट’ असं लिहितात आणि खूश होतात. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा, त्याच्या आत कोर्ट वाजवी तेवढंच देतं. ‘सरकारी आदेश’ याच्याआधी ‘लेखी’ हा शब्द घाल, म्हणजे खर्जातल्याला दिलेलं दुखवट्याचं निमित्तही चालणार नाही.

दहाचा मुद्दाही लोक विसरतात. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, बंदिस्त जागा सोडून. रूफटॉपवर चहूकडे काच लावली तरी वरती आकाश दिसत असेल तर ती बंदिस्त जागा नव्हे. जेवणाच्या गर्दीमुळे सव्वानऊला स्टेज मिळतं, दहाला पोलीस येतात आणि मग ‘पाऊणच तास वाजवलंत’ म्हणून निम्मे पैसे. हेही अर्धं कॅन्सलेशनच आहे.

पिंपळपान (रविवार, ५.३०)

वाचतेय. आमच्या घरच्या लग्नात हॉलवाल्यानं ऐन वेळी ‘गाण्यांचं लायसन नाही, लाइव्ह बँड नको’ म्हणून अडवलं होतं. हे खरं असतं का?

वकिलीण_कोथरूडची (रविवार, ५.४५)

लग्न आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्येच सूट आहे, हॉलवाल्याला तेवढं कलम दाखवायचं. रेस्टॉरंटला मात्र ती सूट नाही. दुसऱ्यांची गाणी वाजवली तर परवाना लागतो आणि तो व्हेन्यूनं काढायचा, बँडनं नव्हे. हे बुकिंगच्याच दिवशी लिहून घ्या.

अकॉर्डियन_काका (रविवार, रात्री ८.२०)

नारायणगावचं नाव वाचलं म्हणून लॉगिन झालो, एरवी नुसता वाचतो.

मी ऑर्केस्ट्रात वाजवलं, १९७९ पासून वीस-बावीस वर्षं. गणपतीत दहा दिवसांत चौदा कार्यक्रम करायचो. तुम्ही मुलं आज जे शोधताय ते तमाशावाल्यांना केव्हाचं माहीत आहे. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रा कमिटीवाले येतात आणि तिथे बसून सुपारी ठरते. सुपारी म्हणजे नुसतं तोंडी बोलणं नव्हे. विसार हातात पडल्याशिवाय फडमालक वहीत तारीख चढवत नाही. गाव कितीही ओळखीचं असो. माझ्यासमोर एका पाटलांनी ‘आमच्यावर विश्वास नाही का’ विचारलं होतं. फडमालक म्हणाला, ‘विश्वास तुमच्यावर आहेच पाटील, पण बैलगाडीला वंगण लागतं.’ पाटील हसले आणि नोटा मोजल्या.

आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकानं ही रीत तिथूनच उचलली. मंडळानं विसार दिला की पावतीच्या मागच्या बाजूला दोन ओळी लिहायचा: ‘पाऊस आल्यास गाडीभाडे व जेवण मंडळाकडे. इतर कारणाने रद्द झाल्यास विसार आमचा.’ पाऊस आला तर दोघांचंही नशीब, म्हणून निदान उपाशी परतायचं नाही. बाकी कारण तुमचं असेल, तर नुकसानही तुमचंच. त्या मागच्या बाजूवरून कधी भांडण झालेलं मला आठवत नाही. पुढच्या बाजूवरून, म्हणजे रकमेवरून, खूप झाली.

एकदा सांगलीकडे एका मंडळानं आम्ही पोचल्यावर कार्यक्रम रद्द केला, गावात मयत झालं होतं. विसार आमच्याकडे होताच. मालकानं त्यातला अर्धा परत केला आणि वादकांना आपल्या खिशातून दिलं. पुढची सहा वर्षं त्या मंडळाचा कार्यक्रम आमच्याकडेच होता.

मंद्र_सप्तक (रविवार, ८.३५)

काका, ‘विसार’ हा शब्द उद्याच्या ईमेलमध्ये घालतो. ‘टोकन’पेक्षा भारदस्त वाटतो.

माडाखालचो (रविवार, ११.१५)

गोव्याहून. हंगामात शॅक, बाकी हॉटेलांच्या लॉबीत वाजवतो.

मयताचं काकांनी लिहिलं म्हणून हे लिहितोय, नाहीतर लिहिणार नव्हतो. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफड्यात नाइटक्लबला आग लागली, पंचवीस माणसं गेली. त्यांत बहुतेक तिथे कामाला असलेले. मग तपासण्या सुरू झाल्या, जागा सील झाल्या, आणि आमची डिसेंबरातली चार बुकिंगं गेली. नाताळ ते न्यू इयर म्हणजे आमचं वर्ष असतं मरे. तरी सील झालेल्या तीन जागांकडे आम्ही एक पैसा मागितला नाही. विसार होता तो नव्या तारखेला धरला.

चौथ्या जागेला सील नव्हतं. मालकाला वाटलं, आपल्याकडेही कुणी येईल, म्हणून त्यानं आधीच कार्यक्रम काढून टाकला. त्याच्याकडे पैसे मागायला गेलो तेव्हा मी किचनमागच्या वाटेनं आत शिरलो. गॅसचे सिलिंडर आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांची थप्पी, मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी जागा. त्याच वाटेनं आम्ही दोन वर्षं स्पीकर आत नेत होतो आणि फक्त ‘स्पीकर घासतो’ म्हणून कुरकुरत होतो. पैसे न मागता परत आलो. आता बुकिंगच्या वेळी विचारतो, अग्निशमनचा दाखला आहे का, बाहेर पडायला दुसरी वाट कुठे. उत्तर नीट आलं नाही तर मीच कॅन्सल करतो.

खर्जातला_सा (रविवार, ११.३८)

हे वाचून काय लिहावं कळत नाही. २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलच्या आगीत १४ जण गेले, त्यानंतर आमचाही मुंबईतला थर्टीफर्स्ट गेला होता आणि आम्ही फक्त पैशांबद्दल बोललो होतो.

लीड्सकर (सोमवार, पहाटे ३.०५)

इथे इंग्लंडात म्युझिशियन्स युनियन आहे. सभासदांना छापील करार देते आणि पैसे बुडवणाऱ्याला पत्रही युनियनच धाडते. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला मात्र आपण सगळं ‘अरे आपलाच कार्यक्रम आहे’वर चालवतो. दोनदा रद्द झाला, दोनदा मी पेट्रोल घालून मँचेस्टरहून परत. करार काढू का विचारलं तर अध्यक्षांनी दोन दिवस फोन उचलला नाही.

मंद्र_सप्तक (सोमवार, सकाळी ८.५०)

ईमेल पाठवला. मालक आणि अकाउंट्स दोघांना, मॅनेजरला फक्त प्रत. तारीख, चॅटमधलं कन्फर्मेशन, तीन दहाचा मेसेज, हिशोब वकिलीणताईंनी दाखवला तसा: ४०,००० वजा ४,५००, मागणी ३५,५००. शेवटी लिहिलं की तुमच्याकडे आम्ही दोनदा आनंदानं वाजवलंय, पुन्हाही वाजवू, पण हे मिटवून. सात दिवसांची मुदत. धमकी नाही, विशेषणं नाहीत. पहिल्या मसुद्यात ‘अत्यंत बेजबाबदार’ दोनदा होतं, बायकोनं काढायला लावलं.

बिनसुराचा (सोमवार, ९.१५)

पैसे नाही आले तर रिव्ह्यू टाका एक स्टारचा.

काउंटरपलीकडे (सोमवार, ९.३२)

वाटाघाटी चालू असताना रिव्ह्यू टाकू नका. मालकाला भांडायला कारण मिळतं आणि मूळ विषय बाजूला पडतो.

मंद्र_सप्तक (बुधवार, रात्री ९.०५)

मालकाचा फोन आला. आवाज मवाळ. आधी म्हणाला, ‘दहा देतो आणि पुढच्या महिन्यात दोन शनिवार.’ मी म्हटलं, शनिवार वेगळे, त्यांचे पैसे वेगळे. मग ‘जेवणाचं कूपन’ आलं. पाच जणांचं जेवण ड्रमरनं नाशिकहून येऊन खायचं? शेवटी पंचवीस मागून अठरावर आलो. खरं सांगतो, छत्तीसला चिकटून राहायची हिंमत झाली नाही. तीन शनिवार रिकामे गेले तर काय, हे डोक्यात होतं. ताई रागावतील.

पण पुढच्या दोन्ही तारखांना झांजचं पत्र लावलं, बायआउटचं वाक्य ठळक करून. त्यानं एकच बदल सुचवला, ऐंशीच्या जागी सत्तर टक्के. मान्य केलं. निम्मा विसार उद्या.

वकिलीण_कोथरूडची (बुधवार, ९.४८)

रागावले नाही. अठरा हातात आणि पत्रावर ‘मान्य’, हे दोन वर्षांनी मिळणाऱ्या पस्तीसपेक्षा बरं. ड्रमरला अठरातले किती?

मंद्र_सप्तक (बुधवार, १०.०२)

त्याचे सहा आधीच दिले होते. आणखी दोन देतोय, झोपमोडीचे. उरलेल्यातून साउंड, टेम्पो, खोली वजा जाता चौघांत सातशे रुपये राहतात. प्रत्येकी पावणेदोनशे. मिसळ येते दोन प्लेट.

मंद्र_सप्तक (शुक्रवार, सकाळी ११.२०)

पैसे आले! आले ते १६,२००. अकाउंट्सला फोन केला, तर म्हणतात दहा टक्के टीडीएस कापलाय. न झालेल्या शोच्या भरपाईवर टीडीएस कापतात का? शिवाय ज्या पॅनवर कापला तो गिटारवाल्याचा आहे, माझा नाही, आणि तो परतावा मागायला तयार नाही कारण त्यानं तीन वर्षं रिटर्नच भरलं नाही.

तिसरी_घंटा (शुक्रवार, ११.२४)

याला वेगळा धागा काढ. आणि त्यात पहिल्या ओळीतच लिही की पॅन कुणाचा द्यायचा हे तुम्ही ठरवलंच नव्हतं.